उन्हात ठेवलेली पेटी

समाजमंदिरात जाऊन मी सतरंजी अंथरली, पंखा चालतो का बघितला आणि बायकांची वाट बघत बसले. शेळ्यांच्या लसीकरणाची बैठक दुपारी ठरली होती. कोणीच येईना. शेवटी बचतगटाची अध्यक्ष डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन समोरून चालली होती, तिला हाक मारली.

"आवं ताई, मीटिंग झाली की सकाळीच," ती भारा न उतरवता म्हणाली. "समद्यांस्नी रानात जायाचं हुतं, म्हणून लवकर उरकली. डॉक्टरला फोन बी केला. तुमाला कशाला उगं तरास?"

छान झालं, असं मी म्हणाले. तसं म्हणणं भागच होतं. पहिल्या वर्षी ह्याच बायका बैठकीत पदर तोंडाला लावून एकमेकींकडे बघत बसायच्या, आणि डॉक्टरला फोन लावा म्हटलं की फोन माझ्या हातात द्यायच्या. आता त्यांनी बैठक घेतली, काय ते ठरवलं, डॉक्टरही बोलावला. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की आपली गरज संपवणं हेच आपलं काम. तेव्हा ते मला फार आवडलं होतं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथं वैद्यानंच गरज सारायची होती आणि वर टाळ्याही वाजवायच्या होत्या. मी सतरंजीची घडी घातली, पंखा बंद केला आणि खोलीवर आले. मला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटल्याबद्दल स्वतःचा रागही आला होता.

हे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, जिथं ढग येतात ते नुसते तोंड दाखवून पुढं जातात. ऊस संपतो तिथून आमचा भाग सुरू होतो. गावात दोन गोष्टी भरपूर, शेरडंमेंढरं आणि फौजी. घरटी एक तरी माणूस मिल्ट्रीत आहे किंवा होता.

मी मूळची सांगलीजवळच्या कुपवाडची. माझे वडील तिथल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. एका संस्थेची स्वयंसेवक म्हणून इकडं यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी कामावरच्या मित्राकडून माझ्यासाठी पत्र्याची पेटी करून घेतली, तिला काळा रंग दिला आणि झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं माझं नाव लिहिलं. बॅगेची चाकं खडीच्या रस्त्यावर टिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ती पेटी घेऊन मी एसटीतून उतरले, तर पारावरच्या माणसांनी आधी फौजींची असते तसल्या त्या पेटीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. "कुठली रेजिमेंट?" एका म्हाताऱ्यानं विचारलं, आणि पार हसायला लागला. तेव्हापासून मी कुपवाडला गेले की 'रजेवर' असायची आणि परत आले की 'ड्युटीवर हजर'.

माझी खोली आक्काच्या घराच्या मागच्या अंगाला होती. आक्का साठी ओलांडलेली. नवरा मेंढरं राखायचा. तो गेल्यावर तिनं कळप विकला आणि चार शेळ्या ठेवल्या. एकुलता एक मुलगा फौजेत. मी आले त्याच्या पुढच्याच वर्षी तो पेन्शनीवर घरी आला. फाट्यापासून उघड्या जीपमधून मिरवणूक, डीजे, गुलाल, चौकात भला मोठा फ्लेक्स, सगळं झालं. पण मला लक्षात राहिलं ते दुसऱ्या दिवशीचं. त्याची काळी पेटी अंगणात आणून रिकामी केली आणि झाकण उघडं टाकून दिवसभर उन्हात ठेवली. ऊन कलल्यावर आक्कानं सुपातून बाजरी आणली आणि पेटीत ओतली. मग भावकीतल्या बायका, शेजारणी एकेक करून आल्या. कोणी पाटीभर ओतली, कोणी ओंजळभर. फौजी कायमचा परतला की ह्या गावात असंच करतात. इतकी वर्षं रेल्वेतून हिंडलेल्या पेटीत धान्य पडलं की तिचं हिंडणं संपलं. त्याच संध्याकाळी त्यातल्या बाजरीची भाकरी करायची, आणि जिनं पहिलं सूप ओतलं तिनं ती पेटीवाल्याच्या चुलीपाशी बसून खायची, अशी रीत. मी एका बाजूला बसून मोबाईलवर फोटो काढत होते. मला खुर्ची आणून दिली होती.

त्या खुर्चीविषयी मला जरा बोलायचंय. कुठल्याही घरी जा, बायका जमिनीवर बसलेल्या असायच्या आणि मी दिसले की आतून प्लॅस्टिकची खुर्ची यायची. तिच्यावरचे कपडे उचलले जायचे, पदरानं ती पुसली जायची. मी खाली बसते म्हटलं तर त्याच उठून उभ्या राहायच्या. मला चहा कपबशीत, त्यांना स्टीलच्या पेल्यात. घरात भांडण चाललेलं असलं तर मला बघून थांबायचं. माझं सगळं छानच असायचं. साडी नेसले तर लय भारी, भाषण केलं तर लय भारी. गावातल्या बहुतेक घरांत मी जेवले होते, पण माझ्या खोलीवर कोणी घासभरही खाल्लं नव्हतं. "तुमी एकल्या, कशाला तरास," म्हणून उंबऱ्यातूनच परत जायच्या. भाकरी मी माझ्यापुरती करायची. ती चांगली होते की वाईट, हे सांगणारं कोणी नव्हतं.

सुरुवातीला आम्ही तिघं स्वयंसेवक होतो. एकीचं लग्न झालं, एक स्पर्धा परीक्षेच्या मागं लागून पुण्याला गेला. दोघांच्या निरोपाचे हार मीच आणले. नंतरच्या संध्याकाळी मात्र जड जायला लागल्या. शेळ्या परत यायच्या, चुली पेटायच्या, ज्याचं माणूस त्याच्या घरी जायचं. मी दारात बसून नेटवर्क शोधायची. आईला फोन लागला तर ती विचारायची, जेवलीस का. मी म्हणायची, हो. मग फोन ठेवून द्यायची. मला तिथं फार एकटं वाटायचं. आत्ता लिहिताना हे सोपं वाटतंय, पण तेव्हा मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या आढावा बैठकीत 'अडचणी' सांगायला वेळ असायचा. त्यात रस्ता बसायचा, पाणी बसायचं, हे कुठं बसणार?

समाजमंदिरातल्या त्या दुपारनंतर दोनच दिवसांनी संस्थेच्या साताऱ्याच्या ऑफिसातून सरांचा फोन आला. महाबळेश्वरच्या बाजूला स्ट्रॉबेरी करणाऱ्या बायकांबरोबर नवं काम सुरू होत होतं. नोकरी पक्की, बरोबरीचे चारपाच जण, राहायला एकत्र घर. इथंच थांबायचं असेल तर आसपासच्या वस्त्यांवर अर्धवेळ काम निघेल, मानधन निम्मं. "पण तू तिथं आता कुजू नकोस," सर म्हणाले. ते माझ्या भल्याचंच बोलत होते. "आठवडाभर विचार कर. रविवारी संध्याकाळी मी फोन करतो."

विचार करायला म्हणून मी घरी गेले. रहिमतपूर स्टेशनवर पॅसेंजर धरली आणि खिडकीतून ऊस बघत सांगलीला उतरले. वडील जाऊन आता बरेच दिवस झालेत. घर भावाचं आहे, आणि तो चांगला आहे. माझी कॉट होती तिथं पुतणीचं अभ्यासाचं टेबल आलंय. वहिनीनं माझ्यासाठी कपाटातून नवी चादर काढली. आईनं तव्यावरची पहिली चपाती मला वाढली, दुसरीही मलाच. घरच्या माणसाला असं कोणी वाढत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मला तर दोन्हीकडं आग्रह करकरून वाढत होते, आणि उठताना पोट भरल्यासारखं वाटत नव्हतं. किती दिवस आहेस, असं पुतणीनं विचारलं. तिनं सहज विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उगाचच एमआयडीसीच्या रस्त्यानं फिरायला गेले. पहिल्या पाळीची माणसं मोटरसायकलींवरून चालली होती. एका कारखान्याच्या गेटवर निळ्या वर्दीत आक्काचा मुलगा उभा होता. पेटीत बाजरी पडल्यावर तो गावात जेमतेम एक पावसाळा टिकला. पाऊसच नसलेल्या पावसाळ्यात तो तरी काय करणार? ओळखीनं सिक्युरिटीची नोकरी मिळाली आणि तो बायकापोरं घेऊन कुपवाडला आला. म्हणजे तो माझ्या गावात आणि मी त्याच्या घरामागं. सरकारी खात्यात आपसात बदली करून घेतात, तसं आमचं झालं होतं.

"या ताई!" तो म्हणाला आणि केबिनमधली स्वतःची खुर्ची बाहेर काढली. "आई काय म्हणती?"

"बऱ्या आहेत. गुडघा दुखतोय. काळी शेळी व्याली, दोन्ही करडं चांगली आहेत."

"आन?"

आणखी काय सांगायचं? मागच्या भिंतीला पोपडे आलेत, लिंबाची फांदी तोडली, असलं काहीबाही सांगत राहिले. तो सगळं मन लावून ऐकत होता. मग मी त्याला सरांच्या फोनचं सांगितलं. घरी कोणी विचारलं नव्हतं आणि मला कोणाला तरी सांगायचं होतं.

"मंजी तुमी बी चालला," तो म्हणाला. तेवढ्यात ट्रक आला आणि तो गेट उघडायला गेला.

मी गावी परतले ती जायचं ठरवूनच. जिथं आपल्यावाचून काही अडत नाही तिथं कशाला ताटकळायचं, असं स्वतःला बजावत होते. खरं तर ह्यात रुसवाच जास्त होता. पण रुसायचं कोणावर, हे ठरत नव्हतं.

रविवारी सकाळी मी पेटी रिकामी केली. कपडे, स्वेटर, चार पुस्तकं, वडिलांचा जुना टॉवेल, सगळं कॉटवर काढलं. पेटीला कोंदट वास येत होता आणि तळाला कसर लागली होती. म्हणून ती ओढत अंगणात नेली, फडक्यानं पुसली आणि झाकण उघडं टाकून उन्हात ठेवली. ह्या गावात त्याचा काय अर्थ होतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी फक्त सामान भरायच्या आधी वास घालवत होते.

मग समाजमंदिराची किल्ली परत द्यायला अध्यक्षेच्या घरी गेले. घरात कोणी नव्हतं, ती रानात गेली असेल म्हणून रानात गेले, तिथंही नव्हती. ओढ्यात बांधलेल्या बंधाऱ्यावर बसले. पहिल्या वर्षी ह्या बंधाऱ्यासाठी आम्ही सगळ्यांनी दगड वाहिले होते. आता त्यावर शेवाळ होतं आणि दोन पोरी कपडे धूत होत्या. त्यांनी मला बघून हात केला आणि पुन्हा कपडे आपटायला लागल्या. किल्ली तशीच मुठीत घेऊन ऊन कलताना मी परत आले.

अंगणात गर्दी होती. अध्यक्ष तिथंच होती. पेटी निम्म्याच्या वर बाजरीनं भरली होती, वर कोणीतरी कडुलिंबाचा पाला पसरला होता, आणि आणखी एक बाई पाटी ओतत होती.

"काय वं ताई! आमाला सांगायचं तरी," अध्यक्ष म्हणाली. "ह्यो काय चोरून करायचा कारभार हाय व्हय?"

"आता रजा न्हाई आन ड्युटी बी न्हाई!" दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. एकीनं माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. पेटीला कडी होती, ती धरून मी उचलायला बघितली. कशासाठी, मलाही सांगता येणार नाही. पेटी जागची हलली नाही. त्यावर त्या अजून हसल्या.

दिवेलागणीला बायका पांगल्या. आक्का तेवढी पेटीपाशी बसून मूठमूठ बाजरी तळहातावर घेत होती आणि खडे निवडत होती. मी तिच्यासमोर बसले.

"आक्का, चूक झाली," मी म्हणाले. "मी पेटी जाण्यासाठी रिकामी केली होती."

"म्हाईत हाय."

"कसं काय?"

"पोराचा फोन आल्ता. तुमी गेटावरनं हलला न्हाई तवर त्यानं मला सांगितलं."

"मग पहिलं सूप कोणी ओतलं?"

"मीच की."

मला रागच आला. "म्हणजे मला अडकवायला? गावासमोर?"

आक्कानं मान वर केली. "बाजरीनं कोण आडकतंय व्हय, ताई? माजा आडकला का? त्येची पेटी बगा की घरात, भरल्याली हाय. दर साली जुनी काडती, नवी भरती. आन त्यो तिकडं लोकाचं गेट उगडतोय." ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती. "जायाचं आसंल तर जावा. पोत्यात भरून दिऊ, टेम्पोत टाकू. पर एवडी वर्सं हितं काडली आन मोकळी पेटी घिऊन गेली, आसं नगं हुयाला. मोकळी पेटी उनात बगून आमी तसंच फुडं जायाचं व्हय?"

मला रडू आलं. बराच वेळ आलं. आक्कानं समजूत घातली नाही, ती खडे निवडत राहिली. इतके दिवस मी जायचं की राहायचं ते एकाच गोष्टीवर जोखत होते, इथं माझी गरज आहे की नाही. गरज नव्हती, हे खरंच होतं. बैठक माझ्याविना झाली होती आणि पुढंही होणार होती. पण घरात आधीच जपून वापरायची बाजरी ह्या बायकांनी पेटीत ओतली, ती काही मी कामाची आहे म्हणून नव्हे.

"चला," आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. "दळून आना. मी ओतलीया, मला खाया लागंल. रीत हाय."

कोपऱ्यावरची गिरणी अजून चालू होती. मी दळून आणलं, गॅस पेटवला, तवा ठेवला. खोलीत एकच खुर्ची होती, ती मी आक्कापुढं केली. तिनं ती पायानं बाजूला सारली आणि ओट्याशेजारी भिंतीला टेकून फरशीवर बसली. पहिली भाकरी थापताना चिरली. मी ती कशीबशी तव्यावर टाकली, शेकली आणि ठेच्याबरोबर तिला वाढली. आक्कानं घास मोडला, चावला, थांबली.

"कडंला कच्ची हाय," ती म्हणाली. "आन मदी जाड. पानी कडक घेतलं न्हाईस. आसली भाकरी रोज खातीस व्हय? म्हणून वाळलीस."

गावात मला कोणी नावं ठेवल्याची ही पहिलीच वेळ होती. मी दुसरी थापायला घेतली. आक्का खात होती आणि नावं ठेवत होती, पण पानात तुकडा ठेवला नाही.

असं नाही की त्या दिवसापासून सगळं बदललं. संध्याकाळ आजही जड जाते, आणि इतर घरांत अजून खुर्ची येते. एका पेटीनं एकटेपण जात असतं तर आक्काचं कधीच गेलं असतं. पण त्या खोलीत आम्ही दोघी होतो, तव्यावर भाकरी होती, आणि मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

फोन वाजला. सरांचा होता. दोन्ही हात पिठात, म्हणून कोपरानंच तो ओट्यावर सरकवला आणि करंगळीनं स्पीकर लावला.

"मग, काय ठरलं?" सरांनी विचारलं.

"नाही येत, सर."

"अगं, पण का? काही अडचण आहे का?"

सगळं सांगायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करणार? "पेटी उचलवत नाही," मी म्हणाले.

सर हसले. "एवढंच ना? टेम्पो पाठवतो."

"नको, सर."

"भाकरी करपाय लागली," आक्का मागून म्हणाली. "ठिव त्यो फोन आन हिकडं बग."

मी फोन ठेवला आणि भाकरी उलटली.